आधी वरवंटा, मग लेकरू

काळंबी खोऱ्यात पुलाच्या तोंडाशी लहान मुलांचा दवाखाना आहे. पहिल्याच खोलीत मुलांचं वजन करायचा काटा आहे आणि त्याच्या शेजारी पाटावर, डोक्याला कुंची घातलेला काळा वरवंटा. मूल कुणाचंही असो, आधी हा वरवंटा काट्यावर निजवतात, उतरवतात, मग मुलाला ठेवतात. नवी माणसं हसतात. दारातल्या बाकावर बसलेले दगडूनाना त्यांच्याकडे मान तिरकी करून बघतात. नानांचा स्वभाव मुळातच संशयी. कुणी पाणी मागितलं तरी ते आधी त्याच्या वहाणा बघतात. मग हसणाऱ्याला शेजारी बसवून ही हकिकत सांगतात आणि वाक्यावाक्याला 'म्हणे' लावतात.

असे सांगतात, की त्या साली खोऱ्यात दोन गोष्टी एकदमच आल्या. नदीवर पूल बांधायला घेतला, आणि पुलाजवळच दमयंतीबाई नावाच्या डॉक्टरीणबाईंनी फक्त लहान मुलांसाठी दवाखाना उघडला. लेकराचा बळी घेतल्याशिवाय पूल उभा राहत नाही, हे तेव्हा खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या पुलाशेजारीच पोरं गोळा करायची जागा निघाली, तेव्हा लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

सगळ्यात जास्त संशय आला तो पलीकडच्या वाडीतल्या हौसाक्काला. तिनं बाजाराला जाता-येता दवाखाना लांबून न्याहाळून ठेवला होता. खाटा एवढ्याशा आणि त्यांना कठडे. सुया केसासारख्या बारीक. आलेल्या पोराला दूध फुकट.

"आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा हाय ह्यो," ती पाणवठ्यावर म्हणाली.

आईलाही तिथंच खाटेशेजारी ठेवून घेतात हे कळल्यावर तर तिच्या मनात पाल चुकचुकली. आईला कशाला ठेवून घेतात?

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि हौसाक्काचं तोंड चांगलंच पोळलं होतं. तिचा थोरला नातू जुलाबांनी लोळागोळा झाला, तेव्हा घाट उतरून तिनं त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तो दवाखाना मोठ्या माणसांचा. लेकराला दोन खोकणाऱ्या बाप्यांच्या मधे निजवलं. मोठ्यांचंच औषध अंदाजानं पाणी घालून पाजलं. जाड सुई शिरेत जाईना, म्हणून पुन्हा पुन्हा टोचली. आणि दिवेलागणीला बायकांनी बाहेर थांबायचं, हा तिथला नियम. सून रकमा व्हरांड्यात आणि हौसाक्का पायरीवर बसून राहिली. सकाळी त्यांच्या हातात गाठोडं दिलं. पोर शेवटी रडलं का, त्यानं आईला शोधलं का, हे त्या दोघींना कधीच कळलं नाही.

त्यानंतर रकमाला दुसरा मुलगा झाला. त्याचं हौसाक्कानं बारसंही होऊ दिलं नाही, कारण नाव चारचौघांत गेलं की नजर लागते. आणि आंबे पिकायच्या दिवसांत त्या बिननावाच्या लेकरालाही उलट्या-जुलाब सुरू झाले.

"आत्याबाई, मी पुलाकडं निघाले," रकमा म्हणाली. सासूपुढं तिचा आवाज असा पहिल्यांदाच चढला होता म्हणे.

"निघ. पर आदी म्या आत जानार. त्यांचं काय हाय ते बघून येती, मग लेकरू."

आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात. दृष्ट लागायची ती दगडाला लागावी. हौसाक्कानं पाट्यावरचा वरवंटा उचलला. दवाखान्याजवळच्या चिंचेखाली रकमाला लेकरासकट बसवलं. लेकराच्या डोक्यावरची कुंची काढली, अंगाभोवतीचं दुपटं सोडलं, दोन्ही वरवंट्याला चढवली आणि ते गाठोडं छातीशी धरून ती आत गेली.

दमयंतीबाईंनी ते हातात घेऊन काट्यावर ठेवलं. कुंचीतून दगड दिसला तसा कंपाउंडर फिस्सकन हसला. बाई हसल्या नाहीत.

"आक्का, वरवंटा ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी दुपटं सोडलं, बोटांनी चाचपलं, नाकाशी नेलं. "पण हे दुपटं आजाऱ्याचं आहे. उलटी आहे, जुलाब आहेत. मुताचा मात्र डाग नाही की वास नाही. त्या लेकराच्या अंगातलं पाणी आटत चाललंय. कुठं आहे ते?"

लेकरू न बघता हिला कळलं कसं? ही डॉक्टरीण की चेटकीण? हौसाक्कानं ताकास तूर लागू दिली नाही.

"घरला हाय. निजलंय."

"तुम्ही या उन्हात घरून आला असतात, तर उलटी वाळली असती. ही अजून ओली आहे."

बाईंनी आपला डावा हात तिच्यापुढे केला.

"माझा भरवसा धरू नका, हात धरा. मी काय करते ते बघत राहा. पटलं नाही, तर लेकरू उचला आणि चालू लागा. कुणी अडवणार नाही."

मोठ्या दवाखान्यात तिला 'बाहेर थांबा' म्हणाले होते. ही 'बघत राहा' म्हणत होती. यातही काही डाव असेल, असं हौसाक्काला वाटलंच. पण ती दारात गेली आणि तिनं चिंचेकडे बघून रकमाला हाक मारली.

लेकराचे डोळे खोल गेले होते. ते रडत होतं, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. बाईंनी उकळून गार केलेल्या पाण्यात मोजून मीठ आणि साखर घातली.

"आदी तुमी प्या," हौसाक्का म्हणाली. बाई प्यायल्या. नवी वाटी आली की हौसाक्का पुन्हा म्हणायची आणि बाई पुन्हा प्यायच्या. चमच्याचमच्यानं पाणी लेकराच्या पोटात जात होतं, काही बाहेर येत होतं. हौसाक्काची मूठ बाईंच्या मनगटावरून सुटली नाही. ऊन उतरत आलं तेव्हा रकमाचा हात भरून आला, म्हणून बाईंनी लेकराला स्वतःच्या मांडीवर घेतलं, आणि थोड्या वेळानं त्यानं बाईंचं लुगडं भिजवलं.

बाई एवढंच म्हणाल्या, "वाचलं."

हौसाक्कानं हात सोडला. मनगटावर तिची बोटं उमटली होती. ती खाली बसली.

"बाई, थोरल्यालाबी ह्येच पानी लागत हुतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. बाई म्हणाल्या, "हो आक्का. बहुतेक हेच."

"मीठसाखर तर माज्या घरात हुती," हौसाक्का म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडली.

लेकराचं बारसं त्याच खोलीत झालं म्हणे. आधी वरवंटा काट्यावर निजवला, मग लेकरू. दगड त्याच्या आधी पुढं गेला, म्हणून नाव दगडू ठेवलं. वरवंटा हौसाक्कानं तिथंच सोडला आणि वर्षभर वाटण शेजारणीकडे वाटलं. पुढं खोऱ्यातली माणसं आपापला संशय घेऊनच येत राहिली, आणि पोरं कडेवर घेऊन परत गेली.

"आनि पूल?" कुणी विचारलं, की नाना पुलाकडे एकदा बघून घेतात. "अजून तरी त्यानं कुनाला घेतलं न्हाई," म्हणतात. नाना, तुम्ही तर तिथंच होता, मग 'म्हणे' कशाला, असंही कुणी विचारतं. नाना म्हणतात, "मला आठवत न्हाई. न आठवनाऱ्याच्या साक्षीचा काय भरवसा?"

आजही तिथं आधी वरवंटा निजवतात. आजही प्रत्येक खाटेजवळ आईच्या जागेशेजारी आजीसाठी एक स्टूल असतं. त्यावर बसून आज्या डोळे बारीक करून नर्सच्या हाताकडे बघतात, 'आदी तुमी प्या' म्हणतात, आणि नर्स पिते. बाहेर थांबा, असं त्या दवाखान्यात आजवर कुणी कुणाला म्हटलेलं नाही.