पुढच्या शॉकअपचा हट्ट

फार मागे, गाड्यांचे सुटे भाग बोलत असत तेव्हा, शर्यतीच्या एका लाल गाडीचं बॉनेट भारी मानी होतं. शर्यतीत सुटताना गाडीचं नाक वर उठायचं, त्याची त्याला लाज वाटे. त्यानं मिस्त्री इलाहीचाचांकडे तक्रार केली. चाचांनी धक्के झेलणारा पुढचा शॉकअप गच्च आवळला. नाक खाली राहिलं, पण मागची चाकं जागीच फिरत धूर काढत बसली आणि गाडी हरली.

"चाकांतच दम नाही," बॉनेट म्हणालं.

शॉकअप उसळला, "तू वर उठलंस तरच वजन मागं जातं आणि चाकं रस्ता धरतात! चाचा, मला सैल करा, नाहीतर भंगारात टाका. याच्या तोऱ्यापायी मी ताठ राहणार नाही!"

चाचांनी त्याचा स्क्रू चार खटके उलटा फिरवून त्याला सैल केलं. पुढच्या शर्यतीत सुटताना बॉनेटला नुसतं आभाळ दिसलं. शेवटच्या रेषेवर मात्र सगळ्यांत पुढे नाक त्याचंच होतं.