थरांमधली भेग

"सर, गणित बरोबर होतं, तर पाय मोडला कसा?"

खर्डेकर सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला.

शलाका टेबलापाशी उभी होती. मोडक्या कृत्रिम पायाचे तुकडे तिने पिशवीतून काढून सरांपुढे ठेवले होते. शेजारी प्रयोगशाळेची किल्ली.

पाय तिने धाकट्या भावासाठी केला होता. निळूचा डावा पाय लहानपणीच ट्रॅक्टरखाली गेला होता. कार्बनच्या कापडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून तिने त्याच्यासाठी नवा घडवला. वाकणारा, वाकून पुन्हा उसळणारा. तो किती भार सोसेल हे तिने संगणकावर काढलं होतं. ती विद्या सरांचीच. वस्तूवर बारीक जाळी टाकायची, जाळीच्या प्रत्येक घरात ताण किती ते काढायचं, आणि भेग असलीच तर ती पुढे सरकेल की जागीच थांबेल ते बघायचं.

निळू त्या पायावर शेतात हिंडला, लग्नात नाचलासुद्धा. मग एका दुपारी विहिरीच्या पायऱ्या उतरताना पायाचे थर सुटले. तो खाली कोसळला आणि त्याचा स्वतःचा, धड होता तो पायही गुडघ्यापासून कापावा लागला.

"किल्ली कशाला आणलीस?" सरांनी विचारलं.

"हे काम मी आता करणार नाही."

"निळू काय म्हणतो?"

शलाकाने एक तुकडा उगाचच सरळ केला.

"हसतो. म्हणतो, ताई, आता जोडीच कर. निदान एकसारखे तरी दिसतील..."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "गणित दाखव."

तिने संगणक उघडला. सर पुढे वाकले. त्यांचं बोट पडद्यावरून हळूहळू फिरत होतं.

"जाळी चांगली टाकलीस. भेग कुठे कुठे ठेवून बघितलीस?"

"वरच्या थरात. खालच्या थरात. आडवी, तिरकी, आरपार... सगळ्या बघितल्या."

"दोन थरांच्या मध्ये?"

तिने पडद्यावरून नजर काढली.

"मध्ये, शलाका?"

"तिथे नाही ठेवली."

"का?"

"ते थर मी स्वतः चिकटवले होते, सर. निळूसाठी. एकेक थर हाताने दाबून... तिथे भेग कशी असेल?"

सरांनी मोडक्या पायाचा एक तुकडा उचलला. दोन थर जिथे सुटले होते तिथून नख फिरवलं. आतला भाग गुळगुळीत होता, काचेसारखा; तिथे थरांनी एकमेकांना कधी धरलंच नव्हतं.

नवा विद्यार्थी आला की सर पहिल्याच दिवशी त्याला एक गोष्ट सांगत. संगणक भेग शोधून देत नाही, तुम्ही ठेवाल त्याच भेगेचं तो सांगतो. पोरं माना डोलवत. शलाकानेही डोलवली होती.

"चिकटवणारा हात कुणाचा, ते संगणकाला कुठे ठाऊक?" सर हळूच म्हणाले.

"मग माझी चूक किती, सर? तेवढं सांगा. मी रोज तेच बघते. तो पायरीवर पाय टाकतो तो क्षण. मग त्याच्या आधीचा. मग त्याच्याही आधीचा..."

"भेगेच्या अगदी टोकाशी ताण किती, असं विचारलं तर गणित काय सांगतं?"

तिने डोळे पुसले. "जाळी जितकी बारीक करावी, तितका आकडा वाढतो. वाढतच जातो."

"मग आपण काय करतो?"

"टोकाशी विचारत नाही. टोकाभोवती... लांबून वळसा घालून मोजतो."

"आणि तू टोकावर बसून आहेस, पोरी."

ती खाली बसली आणि रडली. सरांनी तिला रडू दिलं. सरांनी मघाशी मागवलेला चहा तसाच निवून गेला, त्यावर साय धरली.

कितीतरी वेळाने सरांनी संगणक तिच्याकडे वळवला.

"निळूची जोडी मांड."

तिने मान हलवली. नाही म्हणून.

सरांनी घाई केली नाही.

मग तिने थर मांडायला घेतले. पहिला. त्यावर दुसरा. जाळी टाकली. खोलीत फक्त कळफलकाचा आवाज होता.

"आता मध्ये भेग ठेव."

तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"निळूच्या पायात... मी ठेवू?"

"तूच."

"सर, हात थरथरतोय."

सरांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि तिच्या बाजूला ठेवली.

"थरथरू दे. मागच्या वेळी थरथरला नव्हता."