मिरुणेचे तीन दगड

एका नदीच्या अलीकडे एक राजा होता, आणि पलीकडे एके काळी दुसरं राज्य होतं. ते राज्य एका मांत्रिकाने घडी घालून पेटीत ठेवलं. माणसं तेवढी निसटून अलीकडे आली. मेघवर्मा राजाने त्यांना तंबू दिले, शिधा दिला, आणि दोन्हींची मुद्रा घरातल्या पुरुषाच्या हाती ठेवली. राजे असंच करतात.

मांत्रिकाने जाताजाता तिथल्या बायकांना शाप दिला होता. दुःख सांगायला तोंड उघडलं की तोंडातून धूर निघे. ऐकणाऱ्याचे डोळे चुरचुरत, आणि तो म्हणे, "चूल नीट पेटत नाही वाटतं."

नवी राणी इंदुलेखा लग्न होऊन आली त्याला महिना झाला होता. नवी सून फार बोलत नाही, म्हणून तिला पुष्कळ दिसतं. शिधावाटपात तिला पलीकडून आलेली मिरुणा दिसली. दंडावर एक वळ जांभळा, एक हिरवट, एक पिवळा.

"काय लागलं, ताई?"

तिचा नवरा भद्रक पुढे झाला. त्याला दोन्ही भाषा येत. "काल पडली, राणीसाहेब. वेंधळीच आहे."

काल पडलेली बाई तीन रंगांत पडत नाही, हे राणी मनातच म्हणाली, आणि उद्यानातल्या साळुंकीकडे गेली. साळुंकीला सात भाषा येत, आणि सातांतही ती फटकळ होती.

"शाप कसा फिटेल?"

"तीन कामं कर, पोरी. तिला एकटीला भेट. तिच्या भाषेत विचार. तिसरं सोपं आहे, म्हणून तू विसरशील. तेव्हा सांगेन."

राणीने दवंडी पिटवली: नव्या राणीची ओटी भरायला पैलतीरच्या बायकांनी यावं. भद्रकही दारापर्यंत आला. "तिला तुमची भाषा कळत नाही. मी हवाच."

म्हातारी दासी म्हणाली, "या की. पदर आहे का तुम्हाला?"

भद्रक बाहेर राहिला. मिरुणेने राणीच्या ओटीत नारळ घातला. राणीच्या खांद्यावरून साळुंकीने मिरुणेच्या भाषेत हळूच विचारलं, "घरी तुला भीती वाटते का गं?"

धूरच धूर झाला. राणीच्या डोळ्यांना धार लागली, पण ती जागची हलली नाही. धूर विरळ झाला, त्यातून शब्द आले, आणि साळुंकी ते राणीच्या भाषेत सांगत गेली.

"नवरा मारतो. राज्य होतं तेव्हाही मारायचा. आता त्याला कारण सापडलंय, एवढंच. पण तंबू त्याचा, शिधा त्याचा. सोडून नदीत जाऊ का?"

राणी ताडकन उठली. "आत्ताच शिपाई पाठवते! हातच तोडवते त्याचा!"

लगेच धूर पुन्हा दाटला.

"विसरलीस," साळुंकी म्हणाली. "तिला काय हवंय, ते विचारलंस?"

राणी ओशाळून खाली बसली. विचारलं.

"त्याचा हात घेऊन मी काय करू?" मिरुणा म्हणाली. "आमच्याकडे नवरी आईकडून चुलीचे तीन दगड आणते. ती ते मांडते तिथे घर. नदी ओलांडताना मी ते डोक्यावरून आणले. भद्रकाने हुक्का आणला. मला माझे दगड वेगळे मांडायचेत."

"महाराजांना सांगू?"

"सांगा."

राजाने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मुद्रा पुरुषाच्या हाती दिली कुणी?"

"आपण," राणी म्हणाली. महिन्याभरात त्याच्याशी ती इतकं स्पष्ट प्रथमच बोलली.

"मग बदलणंही माझ्याकडेच आलं."

सकाळी मुद्रा दगड मांडणारीच्या हाती गेली. भद्रकाला सीमेवरच्या चौकीत, शिपायांच्या नजरेखाली राहायला धाडलं.

"महाराज, हे शापामुळे झालं," तो म्हणाला, आणि त्याच्याच तोंडून धूर निघाला.

"शाप जिभेला होता," साळुंकी म्हणाली. "हाताला नव्हता."

मिरुणेने नव्या तंबूत तीन दगड मांडले, चूल पेटवली, आणि शेजारणीला सगळं पहिल्यापासून सांगितलं. धूर फक्त चुलीतून निघाला, तोही थोडा.

दुसऱ्या दिवशी आणखी अकरा जणींना राणीची ओटी भरायची राहिल्याचं आठवलं. प्रत्येकीला एकेकटं यायचं होतं. राणीने साळुंकीला खांद्यावर घेतलं आणि दार लावून घेतलं.

राजवाड्यात महिनाभर नारळीभात झाला. राजाने तो निमूटपणे खाल्ला.