मुका कोंड

इथून पुढं बोलणं बंद ठेवायचं. समोर दोन धोंड्यांवर करवंदीची फांदी आडवी टाकलेली दिसते ना, ती आमच्या वाड्याची वेस. होळी झाली की वाड्यातली थोरली बाई ही फांदी टाकते आणि मृगाचा पाऊस चांगला बसला की तीच उचलते. मधल्या दिवसांत घळीत उतरायचं ते पाण्यापुरतं, तेही तोंड मिटून. खाली सांबराचं गळलेलं शिंग पडलेलं दिसलं तरी त्याला हात लावायचा नाही. आता सरकारचा कायदा आहे, शिंग उचलायला बाराही महिने बंदी आहे, वर सड्यावर, या कातळी पठारावर, तशी पाटीसुद्धा लावली आहे. पण ही फांदी त्या पाटीच्या कितीतरी आधीची. तिची हकिकत सांगतो, ती इथंच बसून ऐका.

फार पूर्वी या सड्यावर आमचा धनगरवाडा नुकता बसला होता, तेव्हाची गोष्ट. वाड्यात जानू ढेबे म्हणून थोरला माणूस होता. त्याचा मुलगा लखू, आणि लखूची बायको ठमा. आज आम्ही तिला ठमाई म्हणतो. तेव्हा ती नुसती ठमा होती, नवी नवरी म्हणण्याइतकीच, आणि पहिल्यांदाच पोटुशी होती.

त्या वर्षी उन्हाळा असा पडला की म्हणे सड्यावरच्या कातळावर म्हैससुद्धा उभी राहीना. झरे आटले, गवत जळालं, म्हशींनी दूध चोरलं. दूध नाही म्हणजे तूप नाही, आणि तूप नाही म्हणजे खालच्या गावातून नाचणी नाही. तेव्हा वाड्याला एकच आधार उरला, तो सांबरशिंगाचा. घाटाखाली एक शिकलगार राही. सुऱ्या-कोयत्यांना तो शिंगाच्या मुठी बसवी, आणि शिंगाच्या बदल्यात नाचणी देई.

सांबराचं शिंग उन्हाळ्यातच गळतं. नराच्या डोक्यावर ते आधी सैल होतं, मग कुठं फांदीत अडकून, कुठं खडकाला घासून पडतं. पडलेलं शिंग रानभर शोधत फिरण्यापेक्षा वाड्यातल्या गड्यांनी दुसरीच रीत काढली होती. रानातलं सगळं पाणी आटलं की जनावरं या घळीतल्या कोंडावर, म्हणजे कातळातल्या डोहावर, गोळा होत. गडी कुत्री घेऊन खालून हाकारा करत. जनावरं भेदरून वरच्या कारवीच्या दाट झुडपांत घुसत, सैल शिंगं कारवीत अडकून पडत, आणि गडी ती वेचून आणत. तहानलेलं जनावर पाण्यावरून उठलं की पुन्हा पाण्यावर यायला किती भितं, याचा विचार कुणी करत नव्हतं. घरात चूल पेटत नव्हती, तेव्हा तो कोण करणार?

आता घळ कशी आहे ते ध्यानात घ्या. वरचं तोंड रानात उघडतं. मध्ये कोंड. कोंडाच्या खाली दोन कातळांमधून एक चिंचोळी नळी निघते, पावसाळ्यात पाणी वाहून जातं ती. नळी वळण घेऊन अंगणाएवढ्या सपाटीवर येते, आणि सपाटी संपली की सरळ कडा. वाकून पाहिलं तर खाली झाडांचे शेंडे दिसतात. बायका पाण्याला येतात त्या याच सपाटीवर, कातळात खोदलेल्या खोबण्यांत पाय रोवत उतरून, आणि मग नळीतून कोंडावर जातात. माणूस तिथून चढेल, उतरेल. जनावराला ती वाट नाही.

लखूच्या मनात आलं, की खालून हाकलं तर अर्धी जनावरं रानात पसार होतात. त्यापेक्षा वरचं तोंडच अडवावं. मग ती नळीत घुसतील, दोन्हीकडून कातळ लागेल, आणि शिंगं जागच्या जागी पडतील. नळीच्या टोकाला कडा आहे हे त्याला ठाऊक होतं. पण जनावर कडा बघून थांबेल, असं तो धरून चालला. जानूनंही मान डोलावली. सकाळी त्यानं वाड्यात सांगितलं, "बायांनी पाणी उन्हाआधी भरून घ्या. दुपारी घळीकडं कुणी फिरकू नका."

ठमानं पाणी भरलं होतं. पण जानूला दोन दिवस ताप होता आणि तहान त्याची पाठ सोडत नव्हती. उन्हं डोक्यावर आली तोवर घागर रिती झाली. तो खोपटात पडल्या पडल्या म्हणाला, "पोरी, घोटभर पाणी हाय का गं?"

"आणते, मामंजी," ठमा म्हणाली.

सकाळी आपणच काय सांगितलं होतं ते म्हाताऱ्याला तापात आठवलं नाही. ठमाला आठवलं. तिला वाटलं, गडी अजून वर पोचले नसतील, तेवढ्यात जाऊन येऊ. घागर डोक्यावर घेऊन, एक हात कातळाला धरून, ती या खोबण्यांवरून उतरली.

ती सपाटीवर पोचली आणि नळीच्या तोंडाशी आली, तोच वर कुत्री भुंकली. पाठोपाठ गड्यांच्या आरोळ्या, आणि मग कातळातून खुरांचा आवाज, डबा हलवल्यावर आत खडे वाजावेत तसा. ठमाला पळायला वेळ होता. खोबण्या तिच्या हाताशी होत्या. तिनं एक पाय खोबणीत घातलाही. तेवढ्यात तिची नजर मागं कड्याकडं गेली. नळीच्या वळणामुळं आत असलेल्याला कडा दिसत नाही, सपाटीवर आल्यावरच दिसतो. भरधाव आलेल्या जनावराला ती सपाटी दोन उड्यांची. पुढचं थांबलं, तरी मागचं त्याला ढकलणार.

तिनं पाय खोबणीतून काढला. घागर खाली ठेवली आणि नळीच्या तोंडात, दोन्ही कातळांना हात टेकून, आडवी उभी राहिली.

वळणावरून पहिली आली ती एक सांबरी. तिचंही पोट खाली ओघळलेलं होतं, दिवस भरत आलेले. समोर माणूस पाहताच तिनं पुढचे पाय रोवले. मागची जनावरं तिच्यावर आदळली. नर, माद्या, पाडसं, सगळी त्या चिंचोळ्या जागेत एकमेकांना चिकटून उभी राहिली. मागच्या एका नराचं शिंग कातळावर आपटून खळकन पडलं. सांबरीचं तोंड ठमाच्या हातभर पुढं होतं. तिच्या नाकपुड्यांतली गरम वाफ ठमाच्या गळ्यावर येत होती.

ठमाला लखूला हाक मारायची होती. हाक ओठांवर आली होती. पण एक शब्द तोंडातून गेला तर ही सगळी बुजतील आणि आपल्याला तुडवून पुढं जातील, हे तिला त्या डोळ्यांत दिसलं. ती गप्प राहिली. आणि सांगतात, त्याच वेळी तिच्या पोटात पहिली कळ उठली.

तिनं पदराचा बोळा दातांत धरला.

कुत्री नळीत घुसली. सगळ्यांत पुढं होती तांबी. ही कुत्री ठमानं पिल्लू असताना ताकावर वाढवलेली. ती कातळाच्या कडेनं, खुरांच्या मधून वाट काढत पुढं आली आणि समोर मालकीण बघून थबकली. ठमानं हात नुसता खाली दाबला, म्हशीची धार काढताना तांबीला बसवायची तसा. तांबी बसली. तिचं भुंकणं थांबलं, तशी मागची कुत्रीही गोंधळून गप्प झाली.

वर गड्यांनी कान टवकारले. एकाएकी सगळं शांत झालेलं पाहून लखूला वाटलं, कुत्र्यांवर बिबट्यानं झडप घातली. तो कुऱ्हाड घेऊन कातळावर चढला आणि वरून त्यानं नळीत डोकावलं.

त्याला खाली खच्चून भरलेला कळप दिसला. त्याच्या पुढं आपली बायको. आणि तिच्या पाठीमागं काही नाही, नुसतं आभाळ.

त्याचं तोंड उघडलं. ठमानं वर पाहिलं आणि हाताचा पंजा उचलला. तोंडात पदर होता, कपाळावरून घाम ओघळत होता. लखू तिच्याकडं पाहत राहिला. मग त्याची हाक घशातच राहिली, आणि आपण काय करून बसलो हे त्याला तिथं, त्या कातळावर, उन्हात समजलं.

तो पोटावर सरकत मागं आला. एकेका गड्याजवळ जाऊन त्यानं हातानं खूण केली. घळीचं तोंड मोकळं करा, मागं व्हा, आवाज नको. कुणी विचारायला लागला तर त्याच्या तोंडावर हात ठेवला. मागच्या कुत्र्यांना मानगुटीला धरून एकेक करून उचलून नेलं. पालापाचोळ्यात पाय वाजू नयेत म्हणून मोठाले गडी रांगत्या पोरांसारखे हातापायांवर मागं सरकत होते. सगळं होईपर्यंत किती वेळ गेला, ते कुणाला सांगता आलं नाही. खाली कळा एकामागून एक येत होत्या. ठमाच्या पायांवरून पाणी वाहिलं, तरी तिनं कातळावरचे हात काढले नाहीत. एकदा तिचे गुडघे वाकले. सांबरीनं खूर आपटला. ठमा पुन्हा ताठ झाली.

अखेर मागच्या जनावरांना वारा लागला. वर माणसाचा वास राहिला नव्हता. एक नर वळला, मग एक पाडस, मग कळप हळूहळू सुटा होत कोंडाकडं मागं गेला. सगळ्यांत शेवटी ती सांबरी वळली.

मग ठमा खाली बसली.

लखू वाड्याकडून फेरा घेऊन, खोबण्या उतरून तिच्याजवळ पोचला तेव्हा मूल जन्मलं होतं. ठमा तशीच कातळाला टेकून होती, पदर अजून दातांत. मूल तिच्या मांडीवर निपचित पडलेलं, निळसर. मुलगी होती. लखूनं तिला हातात घेतलं, पाठ चोळली, तोंडातलं चिकट बोटानं काढलं. ती रडेना. कातळाच्या एका फटीतून पलीकडं कोंड दिसत होता. तहानेनं व्याकूळ झालेली जनावरं रानात न जाता पाण्यावर उभी होती, माना खाली घालून पीत होती. इतका वेळ ज्या घळीत आवाज होऊ नये म्हणून ती जीव मुठीत धरून होती, त्याच घळीत आता ठमा एका आवाजासाठी कान देऊन बसली.

"तोंड खाली करून धरा," पदर दातांतून काढून ती म्हणाली. तेवढेच शब्द ती बोलली.

लखूनं मुलीला पायांना धरून उलटं केलं आणि पाठीवर थाप मारली. मुलगी आचके देऊन रडली. रडली म्हणजे काय, सगळी घळ तिनं डोक्यावर घेतली. लखूनं घाबरून तिचं तोंड झाकायला हात नेला, ठमानं तो धरला. कोंडावरच्या साऱ्या माना वर झाल्या. कान ताठ झाले. आणि म्हणे एकही जनावर पळालं नाही. त्यांनी ऐकलं, आणि माना पुन्हा पाण्याला लावल्या.

संध्याकाळी मायलेकींना वर आणून खोबण्यांच्या माथ्याशी बसवलं, तेव्हा जानू ताप अंगात घेऊनच तिथं आला. नातीला त्यानं पाहिलं, सुनेला पाहिलं. गडी नळीतलं ते पडलेलं शिंग बघून आले होते. एवढ्या मोठ्या शिंगाला शिकलगार पायलीभर तरी नाचणी देईल, असं कुणी हळूच म्हणालं. ठमानं ऐकलं.

"ते तिथंच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"पोरी, खाणार काय?" जानूनं विचारलं. तो रागावला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"मामंजी, गळलेलं शिंग कुठं पळून जातंय? पाऊस पडला की पाणी सगळीकडं हुईल, जनावरं रानोमाळ जातील. मग उचला की. तोवर त्यांचं हे एवढंच पाणी हाय."

"तोवर साळिंदरं खातील शिंगं."

"मग त्यास्नी खाऊ द्या."

जानूनं खाली कड्याकडं पाहिलं. आपण पाणी मागितलं नसतं तर आज कड्याखाली काय पडलं असतं, आणि मागितलं म्हणून कोण पडता पडता राहिलं, हे दोन्ही त्याच्या डोक्यात फिरत असणार. मग त्यानं बाजूच्या जाळीतली करवंदीची एक फांदी कुऱ्हाडीनं तोडली आणि ठमाच्या हातात दिली. तिनं ती बसल्या जागेवरून दोन धोंड्यांवर आडवी टाकली.

तो उन्हाळा वाड्याला फार जड गेला, असं सांगतात. लोकांनी कडू कंद कडूपणा उतरावा म्हणून रात्रभर वाहत्या झऱ्यात ठेवायचे, तर झरा कुठं होता? राखेच्या पाण्यात उकळून खाल्ले. उंबरं खाल्ली. दोन घरं म्हशी घेऊन दुसऱ्या सड्यावर निघून गेली. आणि पाऊस बसल्यावर फांदी उचलून गडी घळीत गेले, तेव्हा निम्मी शिंगं साळिंदरांनी कुरतडलेली होती. उरलेली घेऊन लखू घाट उतरला आणि मिळाली तेवढी नाचणी घेऊन वर आला. कुणी कुरकुरलं नसेल असं नाही. पण दुसऱ्या वर्षी होळी झाल्यावर ठमा मुलीला कडेवर घेऊन घळीकडं निघाली, तेव्हा तिच्या हातात नवी फांदी होती, आणि तिला कुणी अडवलं नाही.

आजही फांदी पडली की आमच्या बाया या खोबण्या मुक्यानंच उतरतात. घागर कातळाला लागून वाजू नये म्हणून तिला चिंधी गुंडाळतात. नवरा-बायकोचं भांडण अर्धवट राहिलं असेल तर ते वर आल्यावर पुरं होतं. पण कुणाच्या कडेवरचं तान्हं खाली गेल्यावर रडायला लागलं, तर त्याला कुणी गप्प करत नाही. बाई तशीच उभी राहते आणि त्याला पोटभर रडू देते. पलीकडं पाण्यावरची सांबरं माना वर करून ऐकतात, आणि पुन्हा पाणी पितात.