शेरसिंगाच्या कानातली गोचीड

एक होतं कुत्र्याचं पिल्लू. नवंकोरं. वाटीत मावेल एवढं.

घरच्यांनी त्याचं बारसं केलं. तोरण बांधलं. घुगऱ्या वाटल्या. यमूआत्याने कानात कुर्र केलं. नाव ठेवलं, शेरसिंग! वा वा! केवढा तो थाट! पण कानात कुणी बघितलं का? छे! तेवढा वेळ कुणाला?

कानात बसली होती गोचीड. टम्म फुगलेली. चुटूचुटू रक्त पीत होती.

दुपार झाली. सगळे घुगऱ्या खाऊन आडवे झाले. पिल्लाची झोप मात्र हरवली. खाजव खाजव खाजवलं. गोचीड हलेना. बिचारं रडकुंडीला आलं.

पिल्लू निघालं. दुडू दुडू, दुडू दुडू. झाडावर भेटली साळुंकी.

"साळुंकीबाई, साळुंकीबाई, गोचीड काढा ना!
कान खाजे, झोप येईना! कुंई कुंई!"

साळुंकी म्हणाली, "काढीन की! पण खाली बसलीय बिजली मांजर. ती हलू दे. मला काय जीव नकोसा झालाय?"

पिल्लू निघालं. दुडू दुडू, दुडू दुडू. झाडाखाली होती मांजर. नाव बिजली, पण हलेल तर शपथ!

"बिजलीमावशी, बिजलीमावशी, जरा हल ना!
साळुंकी गोचीड काढेना,
कान खाजे, झोप येईना! कुंई कुंई!"

मांजर म्हणाली, "हलेन की! पण आधी बशीभर दूध हवं. बसून बसून दमले मी."

पिल्लू निघालं. दुडू दुडू, दुडू दुडू. गोठ्यात होती ढवळी गाय.

"ढवळीआई, ढवळीआई, दूध दे ना!
मांजर जागची हलेना,
साळुंकी गोचीड काढेना,
कान खाजे, झोप येईना! कुंई कुंई!"

गाय म्हणाली, "देईन की! पण आधी चारा हवा. बारशाच्या गडबडीत मला विसरले सगळे. छान!"

पिल्लू निघालं. दुडू दुडू, दुडू दुडू. ओसरीवर निजली होती यमूआत्या.

"आत्या, आत्या, चारा घाल ना!
गाय दूध देईना,
मांजर जागची हलेना,
साळुंकी गोचीड काढेना,
कान खाजे, झोप येईना! कुंई कुंई!"

आत्या म्हणाली, "घालीन की! पण आधी ही कुंई कुंई बंद! माणसांनी झोपायचं की नाही?"

घ्या! झोप गेली पिल्लाची, आणि चिडली कोण? आत्या!

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. पिल्लाने तोंड घट्ट मिटलं. कान खाजला. गप्प. अजून खाजला. डोळ्यांत पाणी आलं. तरी गप्प!

आत्या चपापली. "अगबाई! एवढं गप्प कसं?" आत्या उठली.

मग काय!

आत्याने चारा घातला, सळसळ सळसळ.
गाईने दूध दिलं, चुर्र चुर्र.
मांजर बशीकडे हलली. हो, हलली!
साळुंकी उतरली, भुर्र!
चोच घातली कानात. टुचुक! गोचीड बाहेर!

पिल्लाने कान फडफडवले. फटफट फटफट. अहाहा! काय बरं वाटलं म्हणून सांगू! तिथेच अंगाची गुंडाळी केली आणि गाढ झोपलं.

आत्या सगळ्यांना सांगत सुटली, "बघा, बघा! मी एकदाच दटावलं, पिल्लू कसं शहाण्यासारखं झोपलं!"

पिल्लू म्हणालं, "घुर्र... घुर्र..."

गोष्ट आमची निजली, गोचीड दूर पळाली!