दर्यात सोडलेलं उपरणं

एकदा एक शिष्य शहरातून आपल्या गुरुजींकडे परतला, तो हातातली पिशवी नाचवतच. गुरुजी खाडीच्या मुखाशी, कोळीवाड्याला लागून राहत. वय झालेलं, बोलणं मोजकं. शिष्य मात्र भारी उत्साही. जगाचं भलं होतंय म्हटलं की त्याला दम धरवत नसे, आणि अशा माणसांचीच हल्ली धास्ती वाटावी अशी परिस्थिती आहे.

"गुरुजी, प्लॅस्टिकची चिंता मिटली!" तो म्हणाला. "एका व्यापाऱ्यानं मक्यापासून ही पिशवी केली आहे. अशीच एक मी स्वतः तापलेल्या शेणखताच्या ढिगात पुरून पाहिली. मागमूसही उरला नाही."

"आणि समुद्रात?"

"समुद्र तर केवढा अफाट, गुरुजी! ढिगात विरते ती तिथे का विरणार नाही?"

गुरुजींनी पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

कोळीवाड्याची रीत अशी, की नारळी पौर्णिमेला नारळ फडक्यात बांधून आणायचा, दर्याला अर्पण करायचा आणि फडकं झटकून घरी न्यायचं. दर्या म्हणजे देव, आणि देवाच्या अंगावर कुणी कचरा टाकत नाही, एवढी साधी समजूत. शिष्यानं त्या वर्षी घरोघर पिशव्या वाटल्या आणि वर शब्द दिला, "पिशवीसकट सोडलंत तरी चालेल. दर्यात विरघळते." शिकलेल्या माणसाचा शब्द; लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. आधी नारळाची पिशवी गेली, मग माशांच्या आतड्यांची, मग घरातल्या केराची.

शिमग्याच्या सुमारास लडकू नाखवा खांद्यावर जाळं टाकून गुरुजींच्या अंगणात आला. या वाड्यात त्याची जुनी होडी. त्यानं जाळं शिष्यापुढे रिकामं केलं. मूठभर मासळी पडली आणि मग पिशव्याच पिशव्या. बुळबुळीत, शेवाळ धरलेल्या, पण धडधाकट.

"चार पोरांचं पोट हाय या जाल्यावर," तो म्हणाला. "तुज्या शब्दावर आमी..." जाळं पुन्हा खांद्यावर टाकून तो निघून गेला.

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तडक व्यापाऱ्याकडे गेला. व्यापारी शांतपणे म्हणाला, "ढिगात उष्णता असते, कुजवणारे जीवजंतू असतात. गार पाण्यात ते कुठून येणार? आणि मी समुद्राचं नाव तरी घेतलं होतं का?" मग त्यानं नवी पिशवी पुढे केली. ही खाऱ्या पाण्यातही विरते, वर्षभर लागतं इतकंच. शिष्याच्या जिवात जीव आला.

"गुरुजी, आता चूक सुधारली. ही खरोखरच विरते, वर्षभरात!"

गुरुजी उठले आणि धक्क्यावर गेले. शिष्य मागोमाग गेला. बायका मासळी साफ करत बसल्या होत्या. गुरुजींनी खांद्यावरचं सुती उपरणं काढलं आणि सर्वांच्या देखत पाण्यात सोडलं. म्हातारी आवडाबाई ओरडली, "गुरुजी, दर्यान कपरं क्याला टाकता?" तोवर लाटेनं उपरणं लडकूच्या होडीखाली नेलं आणि ते इंजिनाच्या पंख्याला गुंडाळलं. शिष्य तसाच कमरेएवढ्या पाण्यात उतरला. पंख्याला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी त्याचे हात सोलून निघाले, तेव्हा कुठे ते सुटलं.

"का काढलंस?" गुरुजींनी विचारलं. "सुती आहे. कुजलं असतं."

"पण गुरुजी, कुजेपर्यंत होडी अडकून पडली असती!" शिष्य म्हणाला.

"वस्तू केव्हा विरेल, हे तू फार बारकाईनं पाहिलंस," गुरुजी म्हणाले. "ती विरेपर्यंत पाण्यातल्या जिवांनी काय करायचं, हे विचारलं नाहीस. घशात पिशवी अडकलेलं कासव वर्षभर थांबतं का? पण बाळ, त्याहून मोठी हानी तुझ्या शब्दानं झाली. दर्यात काही टाकताना या लोकांचा हात अडखळत असे. ते अडखळणं कित्येक पिढ्यांनी मिळवलेलं होतं. तू ते एका सणात घालवलंस."

शेजारीच आवडाबाईनं आतडी भरलेली पिशवी गाठ मारून पाण्यात भिरकावली.

"मावशी, टाकू नका!" शिष्य कळवळून म्हणाला. "मी चुकलो होतो. ती विरत नाही."

म्हातारी त्याच्यावर रागावली नाही. तिनं त्याच्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहिलं. "चुकलास तं चुकलास रं बाला. आमी म्हातारी मानसं परत फडकी घेऊ. पन पोरांनी आमाला टाकतानाच बगलंय. त्यांना आता कोन सांगंल?"

शिष्य वळला. "गुरुजी, जे गेलं ते मी परत कसं आणू?"

गुरुजींनी ओलं उपरणं पिळलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

ओहोटी लागली होती. आवडाबाईची पिशवी खाडीच्या तोंडाकडे वाहत चालली होती. शिष्य पुन्हा पाण्यात उतरला. ती त्याच्या हाती लागेपर्यंत मागे धक्क्यावरून दुसरी पडली. टाकणाऱ्यावर तो ओरडला नाही. टाकायला सांगितलं कुणी, हे त्याला ठाऊक होतं.