पैलतीरी धाडलेलं चक्रयंत्र

एकदा एका नदीच्या दोन काठांवर एकाच आचार्यांच्या दोन शाळा होत्या. नाव एक, प्रार्थना एक, राजाकडून येणारं धान्यही दोन्हींना सारखंच. पंचांग मांडायला शिकवणारा वरचा वर्ग मात्र एकच, तोही अलीकडच्या काठावर. जागा बारा. वर्षातून दोनदा, चैत्रात आणि आश्विनात, त्याची परीक्षा होई आणि ती घेई आचार्यांचा पट्टशिष्य विश्वंभर. गडी मोठा काटेकोर. "एकच प्रश्न, एकच वेळ, कुणाची भीड नाही," असं छाती पुढे काढून सांगायचा. आणि गंमत पाहा, नऊ वर्षं बाराच्या बारा मुलं अलीकडचीच निवडली जात होती!

त्या चैत्रात पैलतीरची सगुणा परीक्षेला उभी राहिली. नावाड्याची मुलगी, नुकतंच सोळावं लागलेलं. सोळा पूर्ण झाली की वरच्या वर्गाचं दार कायमचं बंद, असा नियम होता. विश्वंभराने तिच्या हाती सूर्याची उंची मोजायचं पितळी चक्रयंत्र दिलं. तिने ते उलटं धरलं. वर्गात खसखस पिकली. विश्वंभराने तिच्या नावापुढे 'अपात्र' असं लिहून टाकलं.

तिचा बाप हात जोडून म्हणाला, "गुरुजी, तोंडी गणित कितीबी इचारा, पोर चुकायची न्हाय. पण ह्ये यंत्र तिनं आज पयल्यांदा बघितलं."

"बाबा, नियम सर्वांना सारखा आहे," विश्वंभर म्हणाला.

आचार्य कोपऱ्यात बसून सारं पाहत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी अलीकडच्या शाळेतलं एकुलतं एक चक्रयंत्र आणि ते शिकवणारे वृद्ध पंडित, दोघांनाही नावेत बसवून पलीकडे धाडलं. "आश्विनापर्यंत तिकडेच राहू द्या," एवढंच सांगितलं. आचार्यांना म्हातारचळ लागला, असं विश्वंभर मनातल्या मनात म्हणाला.

आश्विनात पुन्हा परीक्षा झाली. प्रश्न तोच, वेळ तीच. बारांपैकी दहा मुलं पैलतीरची निघाली आणि सगुणा पहिली आली. विश्वंभराचा पुतण्या त्या वर्षी प्रथमच बसला होता. हुशार पोर, पण यंत्रावरच्या रेघा वाचताना घामाघूम झाला आणि नापास झाला.

विश्वंभर तणतणत आचार्यांकडे गेला. "हा सरळसरळ अन्याय आहे! सहा महिने आमच्या मुलांना यंत्राला हातसुद्धा लावायला मिळाला नाही. मग त्यांना येणार कुठून?"

"का रे?" आचार्य म्हणाले. "नियम तर सर्वांना सारखा होता."

विश्वंभराचा चेहरा खर्रकन उतरला.

"बस खाली. तुझी परीक्षा खोटी नव्हती. पण एका काठाला जे आपण शिकवलं आणि दुसऱ्याला दाखवलंही नाही, तेच तू विचारलंस, आणि तुला वाटलं बुद्धी मोजली. मोजला गेला तो आपलाच आळस. आड आपणच कोरडा ठेवायचा आणि पोहऱ्याला नावं ठेवायची, हे कुठलं शहाणपण? तुझ्या पुतण्याचं सहा महिन्यांचं नुकसान मी केलं, ते भरूनही देईन. तांबटाला दुसरं यंत्र घडवायला सांगितलं आहे, आणि जागाही चोवीस होतील. पण नऊ वर्षांत जी पोरं सोळा ओलांडून गेली, त्यांचं कोण भरून देणार? तू?"

विश्वंभराला मनापासून लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

दुसऱ्या सकाळी तो घाटावर गेला आणि नावेत बसला. सगुणाच्या बापाला त्याने विचारलं, "मी नापास केलेली, सोळा ओलांडलेली किती जणं आहेत तुमच्याकडे?"

"लई हायती, गुरुजी. ह्यो काय, माझा थोरला, वल्हं मारतोय. पाच वर्सं झाली."

विश्वंभर सरकून त्या तरुणाजवळ बसला. "परीक्षेनंतर यंत्र पुन्हा पलीकडेच गेलंय ना?" तो म्हणाला. "मग पैलतीरी पोचलो की वल्हं ठेव खाली. तुझ्यापासूनच सुरुवात करू."

वरच्या वर्गाची यादी लागली की त्यात कोण आलं हे आपण हौसेने वाचतो. कोणाला शिकवलंच गेलं नव्हतं, हेही विचारत जावं.